तुझ्या दगडावरचे दोन शब्द

परतूर

प्रिय शमू,

काल चर्चच्या कमिटीत तुझ्या कबरीच्या दगडाचा विषय निघाला. नाव कोरायला कुणाची हरकत नाही. हरकत आहे ती ‘ख्रिस्तात निद्रिस्त’ ह्या दोन शब्दांना! आईबाबांच्या दगडांवर आहेत, आपल्या कब्रस्तानात सगळ्यांच्याच आहेत. सेक्रेटरी दाविदकाका म्हणाले, “पोरगं आपलंच होतं, ते बराबर हाये. पण हैदराबादला जाऊन त्या मॉर्मन पंथात गेल्तं. मॉर्मन ख्रिस्ती हायेत का न्हाई ते आधी ठरवा, मंग दगडाचं बघू.” निकाल रविवारी. आणि मी, कमिटीतली तुझी सख्खी बहीण, मान खाली घालून गप्प बसले! घरी आल्यापासून तुझ्याशीच बोलावंसं वाटतंय.

तुला जाऊन पाच महिने झाले, तरी हैदराबादकडून गाडी आली की मी दाराकडे बघते. स्टेशनावरून तू पायीच यायचास, गल्लीच्या तोंडापासून “ताई, भाकरी टाक!” असं ओरडत. आता कोण ओरडणार रे?

मॉर्मन झाल्यावर पहिल्यांदा आलास आणि तुमच्यात चालत नाही म्हणून चहाच नाकारलास. आपल्याकडे कुणी असं करतं का? मी कप आपटला. तू हसलास, “ताई, चहा सोडलाय, तुला थोडंच सोडलंय?” मग दोन दिवस गरम दूध पीत बसलास.

पण माझाही एक राग आहे, ऐकून घे. तू पुन्हा बाप्तिस्मा घेतलास. आईनं पांढरं झबलं शिवून तुला चर्चमध्ये नेलं होतं, तो बाप्तिस्मा धरलाच नाही का तुम्ही? तुमच्या लोकांनी आमचा बाप्तिस्मा मानायचा नाही आणि आम्ही मात्र तुम्हाला ख्रिस्ती म्हणायचं, हा कुठला न्याय? बायबलशिवाय तुमचं ते आणखी एक पुस्तक, देव पिता वेगळा आणि पुत्र येशू वेगळा, हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. भांडायला तू हवा होतास.

गेल्या नाताळात चर्चमध्ये प्रभुभोजनाची, येशूच्या आठवणीत भाकर घ्यायची वेळ झाली. सगळ्यांबरोबर तूही उठलास. मी तुझी बाही धरली. “तू बस. हे तुमच्यासाठी न्हाई.” पाळकांना तुझं काही ठाऊक नव्हतं, दाविदकाकांनाही नव्हतं. तुला मी एकटीनं अडवलं. तू खाली बसलास. मी पुढे जाऊन गुडघे टेकले, भाकर घेतली, परत आले, तर तू डोळे मिटून प्रार्थना करत होतास. मला शेवटचं तेवढं ऐकू आलं, “येशूच्या नावानं, आमेन.” त्यावर आपण कधीच बोललो नाही. का बोलले नाही मी?

दवाखान्यातून तुझा शेवटचा फोन आला. “ताई, प्रार्थना कर ना. लई दम लागून राह्यला.” मी केली. तू माझ्यामागं एकेक शब्द म्हणत गेलास. ती माझ्या चर्चची प्रार्थना होती की तुझ्या? मला नाही सांगता येत. कुणाच्या नावानं होती, ते मात्र सांगता येतं.

शमू, तुझी फार आठवण येते रे.

रविवारी मी उभी राहणार आहे. सगळ्या मॉर्मनांचा निवाडा माझ्याच्यानं होणार नाही, पण माझा भाऊ ख्रिस्ती होता, एवढं सांगेन. दगडावर काय कोरायचं ते कमिटी ठरवील. त्याआधी त्यांना हेही ऐकावं लागेल की तुला प्रभूच्या मेजापासून अडवणारी पहिली मी होते, आणि मी चुकले. वचन देते.

तुझीच,
रूथताई