तुमच्या ट्रॅक्टरची लिफ्ट

अण्णा, तुमच्या ट्रॅक्टरची, मागचं अवजार उचलणारी लिफ्ट मी उघडली. तुम्ही असता तर पहिला सवाल केला असता, "कुनाला इचारून?" म्हणून आधीच सांगते, कुणालाही न विचारता. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवणारी माणसंही गावात आता थोडीच राहिलीत, पण ट्रॅक्टर पत्र्याच्या शेडमध्ये तसाच उभा होता. अंबाजोगाईचं आमचं पंप-दुरुस्तीचं दुकान आता माझा मुलगा आणि त्याचे वडील बघतात. मी आईपाशी येऊन राहिलेय, शेत मीच करते. भाऊ पुण्याहून फोनवर म्हणाला, ट्रॅक्टरला चांगला लाल रंग देऊन फाटकाजवळ उभा कर, अण्णांची आठवण राहील. मला शोभेची आठवण नको होती. मला पेरणीआधी मोगडा मारायचा होता, फणांच्या त्या अवजारानं रान मोकळं करायचं होतं, आणि तुमच्या ट्रॅक्टरवर मोगडा वर उचलला की गाडी बंद केल्याबरोबर तो हळूहळू जमिनीवर येऊन बसायचा. तुमच्या वेळेलाही बसायचा. तुम्ही तेवढं कधी कबूल केलं नाही.

गावातला पहिला ट्रॅक्टर तुमचा, हे तुम्ही आम्हाला जेवताना ऐकवलं, पाहुण्यांना ऐकवलं, सोयरीक जमवायला आलेल्या परक्या माणसांनाही ऐकवलं. निवडणुकीत कुणीही निवडून येवो, मिरवणुकीला ट्रॅक्टर तुमचा आणि स्टिअरिंगवर तुम्ही, गळ्यात हार, जसं काही तुम्हालाच मतं पडली होती. त्या यंत्राच्या पोटात काय आहे हे तुम्हाला ठाऊक नव्हतं आणि जाणून घ्यावं असंही कधी वाटलं नाही. तलवाड्याहून मिस्त्री यायचा, तो एकदा चाचरत म्हणाला, "मालक, लिफ्ट बसतीया. एकदा उघडून बघू की." तुम्ही बाजेवरून न उठता म्हणालात, "ट्रॅक्टर तुला जास्ती कळतो का मला बे? माझ्या गाडीला काय झालेलं न्हाई." तो बिचारा चहा पिऊन गेला, पुन्हा आला नाही. पण घरी परकं कुणी नसताना तुम्ही स्वतः मोगड्याचे फण काढायला बसलात की आधी त्याच्याखाली बाभळीचा ओंडका सरकवायचात. मी माळवदावरून पाहिलंय. म्हणजे तुम्हाला माहीत होतं. ज्याला काही झालेलं नाही त्याच्याखाली कुणी ओंडका लावत नाही, अण्णा.

तो दिवस मी विसरलेय असं समजू नका. वरच्या रानात तुम्ही ट्रॅक्टर घेऊन गेलात, कारण तालुक्याचे कुणी पुढारी बांधावर येणार आहेत आणि त्यांना तुमची गाडी बघायची आहे. आई चहा घेऊन आलीय, मी मागे कपबशा घेऊन. तुम्ही मोगडा ऐटीत वर उचलता, गाडी बंद करता, खाली उतरून मिशीवर हात फिरवता. फणांमध्ये पऱ्हाटीची धसकटं आणि हराळी गुंतून बसलीय. आलेल्या पुढाऱ्यांपैकी एकजण हसून म्हणतो, "झाडाझुडासकट नांगरता की काय!" तेवढंच तुमच्या जिव्हारी लागतं. तुम्ही आईकडे वळता. "बघत काय उभी राहिलीस? काढ की त्यो कचरा!" ओंडका ट्रॅक्टरच्या बाजूला बांधलेला आहे. तो सोडायला तुमचा हात गेला नाही. चारचौघांत ओंडका लावला असता तर तुमच्या रुबाबाला ओरखडा पडला असता. आई किटली खाली ठेवते, पदर खोचते, वाकते. मोगडा खाली येताना फार आवाजही झाला नाही. आवाज आईचा झाला. आणि तिचा पाय फणाखाली असताना तुमच्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य हे, "एवढं मोठं धूड दिसंना व्हय तुला?"

अंबाजोगाईच्या दवाखान्यात तिची दोन बोटं काढली. त्यानंतर तुम्ही जे केलं त्याची मला अजून शिसारी येते. बीडला जाऊन तुम्ही तिच्यासाठी उंची, नक्षीच्या चपला आणल्या. पायाला एवढं मोठं बँडेज आणि उशाला नव्या चपला! येणाऱ्या-जाणाऱ्याला तुम्ही त्या दाखवत होतात आणि वर सांगत होतात, "तिचं ध्यानच नव्हतं. बायकांचं असंच असतंय, पर आपन कशात कमी करत न्हाई." बायका म्हणाल्या, नशीबवान हाय बाई, नवरा किती करतो. त्या चपला तिच्या पायात कधी नीट बसल्या नाहीत. जिथे बोटं नव्हती तिथून पाय सटकायचा. आणि तुम्ही मरेपर्यंत घरात एकच गोष्ट चालली, आईचा वेंधळेपणा.

आता लिफ्टबद्दल ऐका. तेल सोडलं तर ते काकवीसारखं काळं, जळकट वासाचं निघालं. इंजिनचं काढून टाकलेलं तेल तुम्ही वर्षानुवर्षं लिफ्टमध्ये ओतत होतात, हे वासावरूनच कळलं. सीट काढली, बोल्ट ढिले केले, शेडच्या लोखंडी आढ्याला चेन-पुली अडकवली आणि शेजारच्या दोघा भावांना हाताशी घेऊन लिफ्टचं झाकण उचललं. तेल गाळायची जाळी गाळानं बुजलेली. सगळं डिझेलनं धुऊन पिस्टन बाहेर ओढला आणि त्याच्यावरची रबरी रिंग बोटांनी नुसती चाचपली, तर तिचा तुकडाच हातात आला. तेल दाबून धरणारी ती रिंग. ती गेली की तेल बाजूनं निसटतं आणि वरचं ओझं खाली येतं, इतकी साधी गोष्ट. दुकानात पंप दुरुस्त करताना अशा किती रिंगा मी बदलल्या असतील, त्याची मोजदाद नाही. गेवराईला नवी रिंग आणायला गेले तर दुकानदार म्हणाला, "ताई, मालकाला पाठवून द्या, तुमाला सांगता यायचं न्हाई." मी तुटलेला तुकडा त्याच्या काउंटरवर ठेवला. "मालक मीच हाय. ह्या मापाची द्या." अण्णा, तुमच्यासारखी माणसं मला अजून भेटतात. फरक इतकाच, की त्यांच्यासमोर मी आता गप्प बसत नाही.

तुटकी रिंग घेऊन मी आईकडे गेले. ती ओसरीवर तूर निवडत होती. म्हटलं, "आई, हे बघ. तुझी चूक नव्हती. हे तुटलं होतं, म्हणून मोगडा पडला." मला वाटलं होतं ती रडेल, किंवा निदान सुस्कारा टाकेल. तिनं तुकडा उलटासुलटा करून पाहिला आणि परत दिला.

"मला काय म्हाईत नव्हतं व्हय?" ती म्हणाली. "त्यो खाली बसतोय हे घरात कुनाला म्हाईत नव्हतं?"

"मग गेलीस कशाला त्याच्याखाली?"

"समदी मानसं बघत हुती. मी न्हाई म्हनले असते तर तुज्या अण्णांचं तोंड कुठं राहिलं असतं?" आणि ती पुन्हा खडे वेचायला लागली.

अण्णा, तोवर मी तुम्हाला नुसतं हेकट समजत होते. हेकट माणसाचा राग येतो आणि जातो. पण जिला माहीत होतं ती बाई तुमची अब्रू राखायला वाकली, आणि ज्यांना माहीत होतं ते तुम्ही ओंडक्याशेजारी हात बांधून उभे राहिलात. वर तिलाच वेंधळी ठरवलंत आणि तिनं तेही चालवून घेतलं, जन्मभर. तुमच्यासाठी माझ्याकडे आता रागसुद्धा उरला नाही. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण जिवंतपणी तुमच्याबद्दल खरं बोलायची सोयच कुठं होती?

नवी रिंग बसवली, पॅकिंग बदललं, स्वच्छ तेल भरलं. काल सकाळी अंगणात मोगडा वर उचलला आणि गाडी बंद केली. जवळ कुणाला येऊ दिलं नाही. आई उंबऱ्यात उभी होती. आम्ही भाकरी खाल्ली, भांडी घासली, आई देवपूजा करून आली, मोगडा होता तिथंच होता, तसूभर हलला नाही. मग मी तो नीट खाली टेकवला, कारण दुरुस्त लिफ्टच्या भरवशावरही अवजार टांगून ठेवत नाहीत. आई म्हणाली, "झालं बाई एकदाचं." शेजारचे दोघं भाऊ टाळ्या वाजवत होते.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, त्यामुळे एक गोष्ट लिहून टाकते. गाडी बंद केली आणि मोगडा वरच राहिला, त्या क्षणी मी आधी आईकडे पाहिलं नाही. अंगणाच्या त्या कोपऱ्याकडे पाहिलं जिथं तुम्ही उन्हाला पाठ करून बसायचात, तुम्ही बघितलंत का म्हणून. तिथं शेळी बांधलेली होती. मला स्वतःचीच फार चीड आली. पण पाहिलं, हे खरं.