हेमप्रभेची नक्कल

अमरावती,
मंगळवार, ता. १२ जानेवारी १९३७

चि. तारा हीस प्रमोदिनीमावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शनिवारी पोचलं. इकडे सर्व ठीक. थंडी अशी पडली आहे की वर्गात मुली हात काखेत घालून बसतात आणि 'बाई, बोटं वळत नाहीत' म्हणून शुद्धलेखन चुकवतात. आमच्या शाळेत पाणी भरणारी तानुबाई माझ्या घरी कामालाही येते, ती रोज तुझी चौकशी करते. शेंदूरजन्याच्या एका मुलीच्या वडिलांनी संत्र्यांची करंडी आणून दिली. त्यातली निम्मी संत्री अकोल्याला येणाऱ्या कुणाबरोबर तरी धाडते. हलवा यंदा केला नाही. गोड बोलायचा सण परवावर आला, आणि माझ्या तोंडाला चव नाही.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला तीन दिवस लावले म्हणून रागावू नकोस. वह्या तपासायच्या होत्या. खरं म्हणजे वह्या रविवारीच संपल्या.

तू लिहितेस, नारायणराव वकिलांचं स्थळ आलं, आईबाबांना पसंत आहे, पौष संपला की साखरपुडा करायचा म्हणतात, आणि तुझ्याही मनात आहेच. तुझ्या मनात ते कशाने भरले तेही लिहितेस. रूपाने नाही, वकिलीने नाही, त्यांच्या नाटकाने. गणपतीत अकोल्याला प्रयोग झाला तो तू पाहिलास. मग ते घरी आले तेव्हा त्यांनी नायिकेच्या, हेमप्रभेच्या, संवादांची हाताने उतरवलेली नक्कल तुला भेट दिली, आणि म्हणाले, "हिला शोधत होतो, ती इथे सापडली." तेव्हापासून ती तुझ्या उशाखाली असते. तू त्यातलं वाक्य मला उतरवून पाठवलंस: "तुम्हाला विधवेशी लग्न करायचं नव्हतं, विधवेशी लग्न करणारा म्हणवून घ्यायचं होतं. ते लग्नाआधीच म्हणवून घेऊन झालं, मग आता लग्नाची गरज काय?" आणि खाली लिहिलंस, "मावशी, ज्याच्या लेखणीतून अशी बाई उतरली, त्याच्या घरात बाईला काय कमी!"

हे वाचलं तारा, आणि जेवण तसंच ठेवून उठले.

तू शेवटी आणखी एक ओळ लिहिलीस. नकलेतलं अक्षर माझ्यासारखं वाटतं, मी कधी नारायणरावांसाठी लेखनिकाचं काम केलं होतं का? त्याचं उत्तर देते. आधी नाटकाविषयी बोलू.

नाटक चांगलं आहे. मी इथे पाहिलं, दोन वर्षांमागे नवरात्रात. वकील मंडळींचाच हौशी संच होता. हेमप्रभेचं काम कोर्टातल्या एका कारकुनाने केलं. बिचाऱ्याने त्यासाठी मिशी उतरवली होती. विधवा हेमप्रभा, तिला लग्नाचं वचन देणारा आणि आईच्या भीतीने माघार घेणारा तो सुधारक, तिसऱ्या अंकात तिने त्याची काढलेली खरडपट्टी, आणि चौथ्यात त्याचा पश्चात्ताप. तू पाठवलेल्या वाक्याला वन्समोर मिळाला. कारकुनाने पदर सावरून ते पुन्हा म्हटलं. पहिल्या रांगेत बसलेल्या सुधारकांनी डोळे टिपले. त्यांतल्या एकाच्याही घरची बाई नाटकाला आली नव्हती.

आपल्याकडे नाटकातली बाई बोलली की टाळी पडते. घरातली बोलली की 'हळू, शेजारी ऐकतील.' हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी मात्र टाळ्या ऐकत होते.

शाळेची घंटा झाली. उद्या पुरं करते.

बुधवार, ता. १३, मधली सुट्टी

काल हे पत्र टपालात टाकलं नाही ते बरं झालं. आज सकाळी तुझ्या आईचं पत्र आलं. अक्का लिहिते, "तारा तुला विचारील. तू तोंड उघडू नकोस. झालं गेलं गंगेला मिळालं. पोरीला एकोणिसावं सरत आलं, असं स्थळ पुन्हा दारात यायचं नाही. तुझं घर बसलं नाही म्हणून तिचंही बसू नये असं तुझ्या मनात नसावं. यांनी तुला शिकवलं, पायावर उभं केलं, त्याची एवढी तरी जाण ठेव."

म्हणजे अक्काच्या सगळं लक्षात आहे. ठाऊक असून तिने त्या माणसापुढे पोह्यांची बशी ठेवली आणि तुला समोर बसवलं.

जाण मला आहे. तेराव्या वर्षी कपाळ पांढरं झालं तेव्हा तुझ्या वडिलांनी मला सासरहून आणलं आणि शाळेत घातलं. मोरोपंतांचे उपकार मी मरेपर्यंत फेडू शकणार नाही. त्यांनी शिकवलं म्हणून माझं अक्षर इतकं वळणदार झालं, आणि अक्षर वळणदार म्हणूनच हा सारा प्रकार घडला. आता टाळत नाही. तुझ्या उशाखाली आहे ते अक्षर माझंच.

नारायणराव तेव्हा अमरावतीत वकिली करत. आमच्या शाळेच्या संमेलनाला आले, माझं भाषण ऐकलं आणि नाटक लिहितो म्हणाले. दर गुरुवारी संध्याकाळी कागद घेऊन यायचे, मी सुवाच्य प्रत करून द्यायची. तानुबाई दारातच काही निवडत बसलेली असे, उगाच कुणी काही बोलू नये म्हणून. दीड वर्ष असं चाललं. हेमप्रभा काय बोलेल ते ते मला विचारत, मी सांगे, ते लिहून घेत. दुसऱ्या अंकापर्यंत मला कळून चुकलं होतं की माझ्यावाचून त्यांचं पान हलत नाही. एका गुरुवारी त्यांनी मला लग्नाचं विचारलं. मी हो म्हटलं. अठ्ठावीस वर्षांची होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा आरशात मुद्दाम पाहिलं. तुझ्यापासून काय लपवायचं, मी फार सुखात होते.

अक्काला तेव्हाच कळवलं होतं. तिने उत्तरात 'घाई नको' एवढंच लिहिलं.

मग श्रावणात एक दिवस तो आला. आता अहो-जाहो पुरे झालं. आईची प्रकृती, घराण्याची रीत, 'या वर्षी हा विषय नको'. मग माझा जो तोल सुटला तो अर्धा तास सुटला. इतक्या वर्षांचं सगळं त्याच्या अंगावर आलं. आणि बोलता बोलता मी पाहिलं, त्याने खिशातून कोर्टाचा एक जुना कागद काढला होता. ती ओली केली की जांभळी उमटते ना, तसली पेन्सिल जिभेला लावून लावून तो माझं बोलणं उतरवत होता.

तानुबाई तांदूळ निवडत होती. ती मोठ्याने म्हणाली, "काहून वं बाई, हा मानूस लिवून काहून रायला? तुमी रडून रायल्या अन् थो लिवून रायला! कोर्टातली साक्ष होय का हे?"

त्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडे पाहिलं. ओठ, जीभ, सगळं जांभळं. आणि म्हणाला, "ते शेवटचं पुन्हा एकदा सांगा. 'म्हणवून घ्यायचं होतं' च्या पुढचं."

तारा, इथवर वाचून तुला त्याची किळस आली असेल. मला त्याची आहेच. पण हे पत्र इतके दिवस लांबवलं ते त्याच्यामुळे नाही, पुढच्या ओळीमुळे.

मी पुन्हा सांगितलं.

रडणं थांबवून, सावकाश, त्याला लिहून घेता येईल असं सांगितलं. कारण ते वाक्य मला आवडलं होतं. मला वाटलं, किती नेमकं बोलले मी! पुढच्या गुरुवारी तो तिसरा अंक घेऊन आला तेव्हा तानुबाई म्हणे, "त्याले दारातूनच वापस लावा." मी त्याला आत घेतलं. प्रत करून दिली. त्यावर तो म्हणाला, आता तो पुरुष तिला काय उत्तर देईल ते सुचत नाही. मग तेही मी लिहिलं. चौथ्या अंकातला तो पश्चात्ताप, ती क्षमायाचना, 'तुझ्यापुढे मी लहान आहे' वगैरे, ज्यावर बायका पदराला डोळे पुसतात, ती माझी आहे. मला जे ऐकायचं होतं ते मी त्याला लिहून दिलं. वेड्यासारखं वाटलं होतं, लिहिता लिहिता त्याला कळेल. नाटकात कळतं ना.

मग सगळ्या पात्रांच्या नकला मीच उतरवल्या. प्रयोग झाला, त्याचा सत्कार झाला, 'स्त्रीहृदयाचा जाणकार' असं त्याला कुणी म्हणालं. तो अकोल्याला गेला तो गेलाच. मला या सगळ्याची शिसारी आहे, त्या नाटकाची, त्या टाळ्यांची, सुधारकांच्या ओल्या डोळ्यांची. आणि आपलं दुःख छान जमलं म्हणून खूश झालेल्या त्या मास्तरणीची सगळ्यांत जास्त.

तुला वाटेल, मावशी हेव्याने बोलते. अक्का तर तसं म्हणेलच. हेवा असता तर मी बरी झोपले असते. तो माणूस उद्या माझ्या दारात आला तर तानुबाईला मी केरसुणी आणायला सांगेन, आणि ती दोन आणील.

गुरुवार, ता. १४, संक्रांत

आज शाळेला सुट्टी. सकाळी तानुबाई वाण घेऊन आली आणि विचारते, "तारामायले लिवलं का?" लिहिते आहे म्हटलं. "बापा, तीन दिस झाले. सारं लिवजा. अर्धं लिवलं त पोरगी अर्धीच वाचन."

बरोबर बोलली. तू खरंच अर्धंच वाचलं आहेस. नकलेत त्या पात्राचं बोलणं असतं आणि समोरच्याचे फक्त शेवटचे दोन शब्द, आपली वेळ कळावी म्हणून. त्याने तुला हेमप्रभेची नक्कल दिली. समोरचा माणूस त्या कागदावर नाहीच. तू त्या जागी आपल्या मनाचा माणूस बसवलास. मीही दीड वर्ष तेच केलं होतं, तुला काय बोलू!

म्हणून त्याची नक्कल पाठवते. नाटकातली नव्हे, तीही माझीच आहे. त्या श्रावणातल्या दिवशी माझ्या घरात तो स्वतः जे बोलला ते. माझे फक्त शेवटचे दोन शब्द ठेवले आहेत. तानुबाईला वाचून दाखवलं, तिनेही बरोबर आहे म्हटलं.

…आत या.
"आईची प्रकृती बरी नाही. या वर्षी हा विषय नको."
…वचन दिलंत.
"तुम्ही तर समजूतदार आहात."
…गरज काय?
"ते शेवटचं पुन्हा एकदा सांगा. 'म्हणवून घ्यायचं होतं' च्या पुढचं."
…गरज काय?
"वा! हे फार जिवंत आहे. तिसऱ्या अंकात अगदी बसतं."
…चालते व्हा.
"हो, निघतोच. चहात आज साखर जास्त झाली होती."

झाली नक्कल. त्या नाटकात त्याचं स्वतःचं म्हणून काही वाचायचं असेल तर एवढंच आहे. हा कागदही उशाखाली ठेव. दोन्ही शेजारी ठेवून एकदा मोठ्याने वाच. त्यानंतरही तुझं मन त्याच्यावरच राहिलं, तर मी लग्नाला येईन, अक्षता टाकीन आणि एक शब्द बोलणार नाही. पण हे माहीत असून कर. तू कधी रडलीस आणि त्याने खिशात हात घातला, तर तो रुमालासाठी नाही हे तुला आधीच ठाऊक असू दे.

कालपासून पौष लागला आहे, तो संपेपर्यंत कुणी तुला साखरपुड्याचं कुंकू लावणार नाही. तेवढा महिना तुझा आहे. नको म्हणायचं ठरलं तर तुझ्या आईला भिऊ नकोस, ती आकांडतांडव करील आणि आठ दिवसांनी थकेल. वडिलांना हे पत्र दाखव. त्यांनी मला वाचायला शिकवलं, ते हेही वाचतील. आणि घरात अगदीच राहवेना तर सरळ निघून ये. बडनेऱ्याच्या फलाटावर तानुबाई आणि मी उभ्या असू.

आणि शेवटचं. त्याला नकार दिलास, तर तो तोंडावर दे, आणि एकदाच दे. तो म्हणेल, 'किती छान बोललात, पुन्हा एकदा सांगा.'

सांगू नकोस.

जिने दोनदा सांगितलं ती,
तुझी मावशी
प्रमोदिनी