सवतीच्या घरून आलेला निरोप

गोजरबाई सवतीस,

म्हातारा नांदुऱ्याले तुह्या घरी मेला, असा निरोप कापसाच्या जिनाच्या गाडीवाल्यानं आणला. तू त्याले नेलं तवापासून मी मनात घोकत होती, का हा गेला की हसत हात पुढे करीन आन म्हणीन, फोडा बायाहो, लय जड झाला हा चुडा. काल बाया खरंच चुडा फोडाले आल्या, तं माहे हात पदराखाली दडून बसले. वाटलं होतं, त्याच्यासंगं तुह्यावरचा रागही जाईन. तो दुप्पट झाला. तुहा चुडा फुटला असन. माहा शाबूत हाय.

सुभद्राबाई, जानेफळ

कोकिळे, नात माही तू, मी सांगितलं तसं लिहिलं, पण हे पत्र धाडू नको. मी हात दडवले हे कळलं तं त्या भवानीले बरं वाटन.