चढावरचं बाकडं

ताई,

हे पत्र मी तुला देणार नाही. वाचलंस तर तडक नगराध्यक्षांकडे जाशील आणि बाकडं परत करून येशील.

दवाखान्याच्या चढावर टेकायला एक बाकडं हवं, म्हणून तू सहा वर्षं अर्ज केलेस. नगरपालिकेच्या सभेत तो विषय यायचा आणि इतिवृत्तात मी लिहायचो, 'पुढील सभेत घ्यावा.' या वेळी नगराध्यक्षांनी विषय वाचला आणि तेवढ्यात शिपाई चहा घेऊन आला. "चहा कोणाकोणाला?" त्यांनी विचारलं. एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोन्ही गटांचे हात वर! मी ते मोजले आणि लिहिलं, 'एकमताने मंजूर.' पेन घसरलं म्हणालो असतो, पण तुझ्याशी खोटं कसं बोलू?

पुढच्या सभेत कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून मी ते भरभर वाचून दाखवलं. पण हात वर केल्याचं सगळ्यांना आठवत होतं. कशासाठी, ते कोणालाच नाही. उलट मागणी मूळची आमचीच, म्हणून दोन्ही गट भांडले.

काल तू बाकड्यावर ऐसपैस बसून शेजारणीला सांगत होतीस, "भावाचा वशिला नाही हो, रीतसर अर्ज करून मिळवलंय!" मी मान डोलावली.

आता तिथे दिवा हवा म्हणून तुझा अर्ज आलाय. विषय सोमवारी आहे. शिपायाला बजावून ठेवलंय, मी खोकल्याशिवाय चहा आत आणायचा नाही.

तुझा,
वशिला नसलेला धाकटा