ताईच्या टोपलीतली वाट

५ एप्रिल, अमरावती
अकोल्याहून मयुरीचा फोन. ताईची एकुलती पोरगी. "मावशी, आईची टोपली पुरी करशील ना व? लग्नात रुखवतावर तेच ठेवायची हाय." हाव म्हटलं. पण ताई जाऊन दोन महिने नाही झाले, तिच्या अर्धवट कामाले हात लावाले मन होत नाही.

६ एप्रिल
फडक्यातून काढली. काय केली व माय! मधात पांढरं, मंग अचलपूरकडून दिसतात तशे सातपुड्याचे काळे डोंगर, वरतून पळसाच्या रंगाचा लाल पट्टा. मावळतीचा उजेड बांबूच्या कामट्यात कसा उतरवला, तिचं तिलेच ठाऊक. आमी दोघी बहिणींनं जन्मभर सुपं अन् टोपल्याच इकल्या, असलं कधी केलं नाही.
एका जागी मातर डोंगर अन् पट्टा तुटलेला. मधातून काठापर्यंत पांढरी फट. दुखण्यात होती बिचारी, चुकली असंल.

९ एप्रिल
फट भरली. पांढऱ्या कामट्या ढिल्याच होत्या, त्या काढल्या, ताज्या काळ्या-लाल ठोकून घातल्या. गोल आता कसा बंद झाला. काठ तेवढा बाकी.

१० एप्रिल
भर दुपारी अंगणात कोणीतरी कामटी तासून राहिलं. खर्र, खर्र. मधात थांबून फुंकर. पाह्यलं तं कोणी नाही, कोयती जागच्या जागी. नवऱ्याले सांगितलं. डोळा न उघडता म्हणे, "ऊन लागलं तुले."
ऊन कायचं! ताईचा हात मले ओळखू येत नाही काय?

१२ एप्रिल
आज तिन्हीसांजेले तेच खर्र, खर्र. टोपलीच्या आतून. कान लावाची हिंमत नाही. भेव वाटते, अन् सख्ख्या बहिणीचं भेव वाटते म्हून रडू येते.

१३ एप्रिल
मयुरी आली. टोपली हातात घेतली, गोल फिरवून पाह्यली. "मावशी, वाट कुठी गेली?"
कोणती वाट?
मोबाईलवर दाखवलं तिनं. अमेरिकेतल्या वाळवंटात नवाहो लोकं रायतात, त्याहीच्या लग्नातल्या टोपल्या. तशेच डोंगर, तसाच लाल पट्टा, अन् मधातून बाहेर निघाले मोकळी वाट. विणणारीचा जीव आत अडकू नये म्हून सोडतात म्हणे. ताई पडल्या-पडल्या हेच पाहे. "आई म्हणे, डोंगर आपले करतो, वाट मातर त्याहीच्यासारखीच ठेवतो."
अन् म्या ते बुजवली. माह्या हातानं कोंडली तिले.

१५ एप्रिल
उसवाव तं कामट्या वाळून घट्ट बसल्या. भिजवल्या तं रंग पसरंल, ओढल्या तं तिच्या कामट्याही तुटतीन. मंग ताईच्या हातचं काय राहीन?
मयुरी म्हणे, "तुटली तं तुटू दे. आई सुटली पाह्यजे."
पोरीचं बरोबर हाय. पण तिले कसं सांगू, मले आता त्या आवाजाची सवय झाली. तो येते तवर ताई घरात हाय.

१६ एप्रिल
कामट्या भिजवाले पाणी कोमट केलं. टोपली मांडीवर घेतली. मयुरी मांगं उभी. आज दिवसभर खर्र नाही, काही नाही. वाट पाहून राहिली असंल.
"ताई, नको जाऊ म्हटलं तं रागावशील काय व?" मयुरीदेखत तोंडातून निघून गेलं. पोरगी आत निघून गेली.
पाणी थंड झालं. टोपली अजून मांडीवरच हाय.