रोहिणीच्या पतंगांची वाटणी

मी मोहिनी शहादेव सानप, वय ६४, राहणार शिरूर कासार, जिल्हा बीड. मी पूर्ण शुद्धीत आहे, माझ्यावर कुणाचा दबाव नाही. माझ्यामागे कुणी भांडू नये म्हणून हे लिहून ठेवते.

१. राहते घर धाकटे दीर नवनाथ व जाऊ राजश्री यांना मिळावे. माझ्या आजारपणात दोघांनीच केले.

२. माझे पती कै. शहादेव लग्नपत्रिका छापत. त्यांचे कागद कापायचे यंत्र छापखान्यातले कारागीर बिभीषण यांना द्यावे. पत्रिकांचा उरलेला जाड कागद ते आमच्या एकुलत्या एका लेकीसाठी, रोहिणीसाठी राखून ठेवत. तिच्या हृदयाला जन्मापासून छिद्र. धाप लागे, म्हणून शाळा सुटली. सकाळी ओसरीतल्या दिव्याखाली मरून पडलेले पतंग ती अलगद उचलायची आणि पाहून पाहून त्या कागदाच्या शुभेच्छाकार्डांवर रंगवायची. मृगाचा किडा काढताना एकदा म्हणाली, "आई, याला एवढी मखमल कुणी शिवली गं?"

३. नणंद उज्ज्वला हिला काहीही देऊ नये. रोहिणीने पाठवलेले दिवाळीचे कार्ड तिने परत आणून दिले. "वहिनी, मेलेली पाखरं सणाला कावून धाडता? लई अपशकुन हाय." रोहिणी आतल्या खोलीत होती. तिने ऐकले. त्यानंतर तिने घराबाहेर एकही कार्ड पाठवले नाही.

एकोणिसाव्या वर्षी तिला ऑपरेशनला संभाजीनगरला नेले. ती वाचली नाही. तेराव्याला उज्ज्वला रडत आली. "एक तरी कार्ड द्या, वहिनी." मी दिले नाही. हे कलम बदलायचे का, असे वकिलांनी दोनदा विचारले. बदलायचे नाही.

४. पेटीतली रोहिणीची सगळी कार्डे हृदयाच्या ऑपरेशनला जाणाऱ्या लेकरांना एकेक द्यावीत. विकू नयेत.

५. एक कार्ड मात्र माझ्या उशाखाली आहे. ते तिने दवाखान्यात, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी केले. ते माझ्यासोबत सरणावर ठेवावे. आत तिने फक्त "आईस" एवढेच लिहिले आहे. पुढचे घरी गेल्यावर लिहिते, म्हणाली होती.

वाचून पाहिले, बरोबर आहे. खाली माझी सही.

मोहिनी शहादेव सानप

साक्षीदार:
१. रामेश्वर आश्रुबा केदार (सही)
२. चंद्रभागाबाई जीवन खेडकर (अंगठा)

शिरूर कासार, दि. ९ जुलै २०२४