वजावट शून्य

३ फेब्रुवारी, सोमवार
आमोदने गाडी मागे घेताना माझी स्कूटर पाडली. सख्खा धाकटा भाऊ. मी शांतपणे वीट उचलली आणि त्याच्या गाडीची मागची काच फोडली. त्याने कॉलर धरली, मी दंडाला चावलो. मला कपाळावर तीन टाके. हिंसा मला मुळातच पटत नाही. म्हणून निर्णय घेतला: भिंत.
कर्वेनगरच्या या घराचा पुढचा भाग त्याचा, मागचा माझा. मध्ये सामाईक अंगण. त्यात आडवी भिंत घालायची. कायमची अद्दल घडेल त्याला.

४ फेब्रुवारी
हिशेब स्वतः केला. लांबी वीस फूट, उंची सहा, जाडी नऊ इंच. नव्वद घनफूट बांधकाम. विटांमधला माल तीस टक्के धरला. एकास सहा प्रमाण. सिमेंट तीन गोण्या, क्रश सँड पाव ब्रास. 'दार-खिडक्यांची वजावट', म्हणजे भिंतीत मोकळी सोडायची जागा, यापुढे ठळक शून्य. दार ठेवणं म्हणजे माघार.
नीरजाने विचारलं, अहो, फाटक आमोदच्या बाजूला आहे, आपण बाहेर कुठून पडायचं? नीरजा नेहमी बारीकसारीक गोष्टींत अडकते. मागच्या सोसायटीच्या पार्किंगमधून जाऊ.

५ फेब्रुवारी
सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेलो. अत्यंत नम्रपणे. ते म्हणाले, पार्किंग तुमच्या सासऱ्यांनी बांधलंय का? त्यांचा चष्मा माझ्या पायाखाली आला. दोनदा. वॉचमनने गचांडी धरून बाहेर काढलं आणि पार्किंगकडे उघडणाऱ्या आमच्या मागच्या दाराला बाहेरून साखळी घातली. वाटाघाटी चालू आहेत असं नीरजाला सांगितलं.

७ फेब्रुवारी
माल आला. आमोद गॅलरीतून म्हणाला, कोरडा माल पाणी पडलं की बसतो, तिसरा हिस्सा जास्त धर, चार गोण्या लागतील. पुन्हा आकडे तपासणारच होतो. पण तो म्हणतोय म्हटल्यावर तीनच. त्याच्या तोंडावर मूठभर वाळू फेकली. वारा उलटा होता. डोळे अजून चुरचुरतायत.

११ फेब्रुवारी
भिंत चार फुटांवर. नीरजा पिशवी भरून टांग टाकून पलीकडे गेली. जेवणाचा डबा वरून देत जाईन म्हणाली. लवकरच तिला तत्त्व कळेल.

१२ फेब्रुवारी
सिमेंट संपत आलं, वाळूही. वरचे पाच थर बाकी. चौथी गोणी आणायची म्हणजे आमोदपुढे नाक घासायचं. दत्तोबा मिस्त्रींना म्हटलं, उरलेल्या घमेलंभर सिमेंटात कुंड्यांतली माती मिसळा. ते नाही म्हणाले. मी फक्त फावडं उगारलं. ते भिंतीवरून उडी मारून गेले आणि पलीकडून म्हणाले, "वरचं थर माझं न्हाईत, गावाला सांगीन."
थर मीच लावले. रंग जरा काळपट, बाकी सुरेख. राग आता पूर्णपणे ताब्यात आहे.

१४ फेब्रुवारी, सकाळी
स्टुलावर चढून पाहिलं. आमोदने गाडीला नवी काच बसवलीये. शिट्टी वाजवत पुसतोय. सहन होत नाही. एक वीट शिल्लक आहे. भिंतीवर बसून नेम चांगला धरता येईल.

१६ फेब्रुवारी (डाव्या हाताने)
वरचे पाच थर आणि मी एकदमच खाली आलो. आमच्याच बाजूला. मांडीचं हाड मोडलं, उजवं मनगटही. मागे साखळी, पुढे उरलेली साडेचार फूट भिंत. अँब्युलन्सवाले पलीकडे स्ट्रेचर घेऊन उभे.
मग धाडधाड आवाज सुरू झाले. आमोद घण घालत होता. विटांचे तुकडे माझ्या तोंडावर उडत होते. वाटलं, आज हा मला संपवणार. फार भीती वाटली. भगदाडातून त्याचं धुळीने माखलेलं तोंड आलं.
"दादा, दाराची वजावट किती धरू?"
"साडेतीन फूट," मी म्हणालो.

१८ फेब्रुवारी, हॉस्पिटल
नीरजा म्हणाली, दाराच्या कडा बांधून झाल्या, दत्तोबांनीच केलं. सिमेंट कुठून आणलं, मी विचारलं. चौथी गोणी आमोदने सात तारखेलाच आणली होती म्हणे. ओल लागू नये म्हणून प्लास्टिकमध्ये गुंडाळून जिन्याखाली ठेवली होती.
मला रडू आलं. पाय फार दुखतोय.